पणजोबांचा शोध आणि आपले कागद

बोरिस जॉन्सन यांचे पणजोबा मुसलमान होते. नाव अली कमाल. उस्मानी सल्तनत शेवटचे श्वास घेत होती त्या काळात ते पत्रकार होते, थोडे दिवस गृहमंत्रीही झाले आणि १९२२ साली जमावाने त्यांना ठार मारलं. त्यांच्या मुलाचं नाव उस्मान. आई बाळंतपणानंतर वारली, मूल इंग्लंडमध्ये आजीकडे वाढलं आणि उस्मान कमालचा विल्फ्रेड जॉन्सन झाला. जॉन्सन हे त्या आजीचं माहेरचं आडनाव. एका बाईच्या माहेरचं नाव पुढे ब्रिटनच्या पंतप्रधानाचं नाव झालं, हे मला या सगळ्या कथेत सर्वांत जास्त आवडलं.

ही माहिती २००८ साली बीबीसीच्या ‘हू डू यू थिंक यू आर’ या कार्यक्रमात दाखवली गेली. २००४ पासून हा कार्यक्रम चालू आहे. एखादा नट, गायक, खेळाडू, पुढारी घ्यायचा, त्याच्या हातात जुनी कागदपत्रं द्यायची, गावोगावी फिरवायचं आणि तुझे पूर्वज कोण होते ते त्याला कॅमेऱ्यासमोर सांगायचं. तो रडतो, हसतो, गप्प होतो. बघणारे लाखो लोक त्याच्याबरोबर रडतात. अमेरिकेतही असे कार्यक्रम निघाले. हार्वर्डचे प्राध्यापक हेन्री लुई गेट्स यांचा ‘फाइंडिंग युवर रूट्स’ २०१२ पासून तिथल्या सार्वजनिक वाहिनीवर सुरू आहे.

पणजोबा कळले म्हणून माणूस बदलतो असं मात्र समजू नका. याच जॉन्सन साहेबांनी २०१८ साली वर्तमानपत्रातल्या लेखात बुरखा घातलेल्या बायकांची तुलना टपालपेटीशी केली. अली कमालच्या घरातल्या बायका काय घालून बाहेर पडत असतील, हा प्रश्न त्यांना पडला नसावा.

आपल्या मराठी मुलखाशी नातं असलेलं उदाहरण आयर्लंडचं. लिओ वराडकर तिथले पंतप्रधान असताना २०१९ च्या डिसेंबरअखेर सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या वराड या गावी आले. मालवण तालुक्यातलं गाव. त्यांचे वडील अशोक वराडकर डॉक्टर म्हणून तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. आडनावातच गाव होतं, म्हणून शोधाशोध करावी लागली नाही. गावाने स्वागत केलं, टीव्हीवाले आले, देवळात दर्शन झालं. ते पाहताना मला वाटलं, आडनावात गाव असणं ही केवढी मोठी सोय आहे! आमच्या माजलगावात शेख, सय्यद, पठाण या तीन आडनावांत अर्धा मुस्लिम मोहल्ला बसतो. शेख म्हटल्यावर कुठला? कोणाचा? काय करणारा? काही कळत नाही.

या कार्यक्रमांबद्दल माझी तक्रार खोटेपणाची नाही. बहुतेक वेळा त्यांत दाखवतात ते कागद खरे असतात, अभ्यासकही पक्के असतात. तक्रार निवडीची आहे. २०१५ साली एक प्रकरण उघडकीला आलं. बेन ॲफ्लेक या मोठ्या नटाच्या पूर्वजांत गुलामांचा एक मालक निघाला. ही गोष्ट कार्यक्रमात नको, अशी त्याने विनंती केली आणि ती खरोखरच दाखवली गेली नाही. पुढे एका कंपनीचे ईमेल फुटले म्हणून जगाला कळलं. वाहिनीने चौकशी केली, पुढचा हंगाम लांबवला, ॲफ्लेकने लाज वाटली म्हणून तसं केल्याचं कबूल केलं. आता गंमत पाहा. गुलामाचा वंशज असणं सांगताना अमेरिकेतले काळे लोक आज मान वर करून बोलतात. ॲलेक्स हेली यांचं ‘रूट्स’ १९७६ साली आलं, पुढच्याच वर्षी त्याची मालिका झाली आणि कुंता किंटे हे नाव घराघरांत पोचलं. तो गांबियातला मुसलमान मुलगा होता, हे आपल्याकडे फार लोकांना ठाऊक नसतं. त्या पुस्तकातल्या वंशावळीवर नंतर अभ्यासकांनी बरेच आक्षेप घेतले, ते रास्तही होते. पण ज्यांच्या पूर्वजांची नोंद मालकाच्या वहीत गुराढोरांशेजारी होती, त्या लोकांना त्या पुस्तकाने आपलं नाव शोधायला लावलं. लाज मालकाच्या वंशजाला वाटली, गुलामाच्या नाही.

आमच्याकडे नेमकं उलट आहे. आमच्याकडे गुलाम कोणाला नको, मालकच पाहिजे.

मलिक अंबरचंच घ्या. हबशी देशात जन्मलेला मुलगा, गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत बदलत दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० साली त्याने खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद झाली. त्याने शहराला पाणी आणलं ती नहर लोक अजून दाखवतात. १६२६ साली वारला, खुलताबादेत त्याची कबर आहे. मराठवाड्यात मुसलमानाने अभिमान बाळगावा असा यापेक्षा मोठा माणूस कोणता? तरी आजवर एकाही घरात मला कोणी म्हणालेलं नाही की आम्ही अंबरच्या माणसांपैकी. सगळे इराणहून आलेले, अरबस्तानातून आलेले, नाहीतर आलमगीरच्या फौजेबरोबर आलेले. फौजेत घोड्यांना चारा घालणारेही असतील, तंबू शिवणारेही असतील. पण आमच्या घरोघरी फक्त सरदारांचेच वंशज.

यावर मी माझ्या दहावीच्या मुलांना एक हिशेब घालते. आई-वडील दोन. आजी-आजोबा चार. दर पिढीला दुप्पट. दहाव्या पिढीत १,०२४ पूर्वज. विसाव्या पिढीत दहा लाखांहून जास्त. अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला १२९६ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर सुमारे एकोणतीस पिढ्या झाल्या. त्या पिढीत प्रत्येकाच्या पूर्वजांच्या जागा भरतात त्रेपन्न कोटी अडुसष्ट लाखांच्या वर. एवढी माणसं तेव्हा अख्ख्या जगात नव्हती. म्हणजे तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा येतात, सगळ्यांचे धागे एकमेकांत गुंततात. यातली एखादी जागा बुखाऱ्याहून आलेल्या घोडेस्वाराची असेलही. बाकीच्या जागांवर गोदाकाठचे, सिंदफणाकाठचे शेतकरी, कोष्टी, तेली, धनगर, मोलकरणी, दाया बसलेल्या असणार. इंग्लंडच्या कार्यक्रमात २०१६ साली डॅनी डायर हा पूर्व लंडनच्या साध्या वस्तीतला नट तिसऱ्या एडवर्ड राजाचा वंशज निघाला, तेव्हा लोकांनी तोंडात बोट घातलं. जाणकारांनी शांतपणे सांगितलं की, बाबांनो, इथली जवळजवळ सगळीच माणसं त्या राजाची वंशज आहेत. फरक एवढाच की डायरचा कागद सापडला. राजाचा वंशज असणं ही दुर्मीळ गोष्ट नाही. कागद सापडणं ही दुर्मीळ गोष्ट आहे.

आता कागदाकडे येते, कारण खरा विषय तोच आहे.

टीव्हीवरच्या पाहुण्याला अभिलेखागाराचं दार उघडून मिळतं. पांढरे हातमोजे घातलेला माणूस वही आणून समोर ठेवतो. आमच्या मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत प्रत्येक घर पूर्वज शोधतंय, पण कॅमेऱ्यासाठी नाही. २०२३ च्या ऑगस्टअखेर अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले, सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, प्रवेश-निर्गम, गाव नमुना चौदा, कोतवाल बुक, कैद्यांच्या वह्यासुद्धा उलगडल्या गेल्या. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला. मोडी वाचणाऱ्यांना दिवस आले आणि उर्दू वाचणाऱ्यांनाही.

माझ्याकडे शेजारपाजारचे मराठा लोक पिशव्या घेऊन येऊ लागले. पिशवीत घडीवर घडी घातलेले कागद. “मॅडम, एवढा एकच शब्द बघा, कुनबी आहे का?” हैदराबाद संस्थानात आधी फारसी आणि मग १८८४ च्या सुमारास उर्दू कारभाराची भाषा झाली. त्यामुळे माजलगावच्या पाटलाच्या पणजोबांची ओळख उर्दूत लिहून पडली आहे. ज्या भाषेला गावात ‘तुमची भाषा’ म्हणायची पद्धत, त्या भाषेत ह्यांचं खानदान निघालं. एक आजोबा मला म्हणाले, आमच्या वडलांना चांगली उर्दू येत होती, आम्हीच सोडली. मी त्यांना चहा दिला.

त्या कागदांचं वाचन सोपं नसतं. शिकस्ता म्हणजे घाईघाईतली मोडकी लिपी, नुक्ते दिलेले नाहीत, दोन शब्द एकमेकांत अडकलेले. सन फसली. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, शेवटचे महिने असतील तर एखादं वर्ष इकडेतिकडे. महिने आजूर, दय, बहमन असे. रक्कम ‘हाली’ की ‘कलदार’ तेही पाहावं लागतं, कारण निजामाचा रुपया आणि इंग्रजांचा रुपया वेगळा. पण एकदा नजर बसली की ठरलेले शब्द येतात. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. साकिन म्हणजे राहणारा. मग ‘कौम’ आणि मग ‘पेशा’.

हे शेवटचे दोन शब्द लक्षात ठेवा. सगळं दुखणं त्यांत आहे.

त्याच वर्षी, ३० ऑक्टोबर २०२३ ला, माजलगावात जे झालं ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. आमदारांचं घर जाळलं गेलं, नगरपरिषदेच्या इमारतीलाही आग लावली. ज्या इमारतीत गावातल्या जन्ममृत्यूची नोंद होते, तिलाच आग. पूर्वजांचा कागद शोधण्यासाठी पेटलेलं आंदोलन आणि कागद ठेवणाऱ्या कचेरीतून निघणारा धूर, असं चित्र मी एरवी कथेत वाचलं असतं तर अती झालं म्हटलं असतं.

मराठा बांधवांच्या मागणीवर मी इथे बोलत नाही, तो वेगळा विषय आहे. पण त्यांच्यासाठी शासनाने समिती नेमली, माणसं लावली, वह्या उघडल्या. हाच शोध मुस्लिम ओबीसींच्या पोरांना एकेकट्याने करावा लागतो.

कायदा असा आहे की जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा. आता बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन, मनियार यांच्या आजोबांचं नाव शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी जातीच्या रकान्यात काय लिहिलं? ‘मुसलमान’. झालं. गुरुजींना घाई होती. जन्मतारखेच्या रकान्यात त्यांनी सगळ्यांना १ जून दिला तसा जातीच्या रकान्यात सगळ्यांना एकच शब्द दिला. मी स्वतः शिक्षिका असल्यामुळे सांगते, गरिबाच्या घरची बखर म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. आणि ही बखर जूनच्या पहिल्या आठवड्यात, दारात रांग उभी असताना लिहिली जाते. ऊसतोडीला गेलेल्यांची मुलं तर तिच्यातही धड सापडत नाहीत.

माझी एक जुनी विद्यार्थिनी. बापाचं गादी-रजईचं काम, त्याच्या बापाचं तेच. धनुकलीवर कापूस पिंजणारं घर, यात गावात कोणाला शंका नाही. मुलीला व्यावसायिक अभ्यासक्रमाला जागा मिळाली आणि जात पडताळणीत अर्ज अडकला. आजोबांच्या रजिस्टरला ‘मुसलमान’. खूप शोधल्यावर चुलत आजोबांचा एक बैनामा निघाला, १३५० फसलीचा, म्हणजे साधारण १९४०-४१ चा. त्यात कौम लिहिली होती ‘मुसलमान’ आणि पेशा ‘नद्दाफी’. नद्दाफ म्हणजे पिंजारी. पण टेबलामागच्या साहेबांना उर्दू येत नव्हती. त्यांनी विचारलं, जात कुठे लिहिलीय? कौमच्या रकान्यावर बोट ठेवून मुलीचा बाप म्हणाला, ही कौम. साहेब म्हणाले, मग ही तर मुसलमान आहे. पेशाच्या रकान्यात तीनशे वर्षांची जात बसली होती, तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. भाषांतर, शपथपत्र, वंशावळ, पुन्हा शपथपत्र. त्या वर्षीची जागा गेली. मुलगी आता साधी बी.एस्सी. करते.

इथे दिलीपकुमारांची आठवण काढायला हवी. टीव्हीवर पूर्वज शोधणारे नट पुष्कळ झाले. पूर्वजांचा धंदा जाहीर सभेत सांगून त्यातून इतरांचं भलं करणारा नट मला हाच माहीत आहे. युसूफ खान पेशावरचे, वडील गुलाम सरवर खान फळांचे व्यापारी. कुटुंब मुंबईला आलं, देवळालीत राहिलं, तिथल्या बार्न्स शाळेत ते शिकले. एवढा मोठा शहेनशाह झालेला माणूस नव्वदच्या दशकात जालन्याच्या शब्बीर अन्सारींबरोबर मुस्लिम ओबीसींच्या सभांना येऊ लागला. मुसलमानात जाती नाहीत, असं मोठ्या घरातली माणसं तेव्हाही म्हणत होती, आजही म्हणतात. मशिदीत नाहीत, खरं आहे, एकाच सफीत सगळे उभे राहतात. सोयरिकीच्या वेळी मात्र अचानक हड्डी आठवते. १९९४ च्या डिसेंबरात शासन निर्णय निघाला आणि मुस्लिम ओबीसींना प्रमाणपत्रांची वाट मोकळी झाली. त्या निर्णयामुळे शिक्षक, तलाठी, नर्स झालेली माणसं माजलगावातही आहेत. ज्या फळवाल्याच्या धंद्याची इतरांना लाज वाटली असती, तो धंदा या माणसाने माइकवरून मिरवला.

म्हणून मला आमच्या शजऱ्यांचा राग येतो. शजरा म्हणजे वंशवृक्ष. काही घरांत चौकट करून भिंतीवर लावलेला असतो, वर हजरतांचं नाव, खाली आत्ताच्या पुतण्यापर्यंत. काही खरे असतील, दर्ग्याच्या खानदानांचे तर सनदांसह असतात. पण शेजारच्याने केला म्हणून हैदराबादहून छापून आणलेलेही मी पाहिले आहेत. अडचण अशी की पोरगं घरात सय्यद म्हणवतं आणि बाप त्याच पोरासाठी ओबीसीचा दाखला काढायला जातो. अब्बा भिंतीवरच्या कागदावर खूश, पोटापाण्याचा कागद मात्र उंदरांनी खाल्लेला.

आणि या सगळ्या शजऱ्यांत बाई नाही. अमुक बिन तमुक बिन तमुक. चौदा पिढ्या नुसत्या बापांनी बापांना जन्म दिला असावा! हिंदू घरांतली नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांकडची नामावळी घ्या, नाहीतर छापलेले कुलवृत्तांत घ्या, तिथेही बाईचं नाव लग्नापुरतं, कधी तेही नाही. या बाबतीत मी टीव्हीच्या कार्यक्रमांच्या बाजूने आहे. जनगणना, लग्नाची नोंद, दवाखान्याची वही यांतून ते बायका हुडकून काढतात, आणि त्यांतल्या चांगल्या गोष्टी बहुधा बायकांच्याच निघतात.

आपल्याकडे ती सोय एका ठिकाणी आहे, आणि तिकडे कोणाचं लक्ष नाही. काझी घराण्यांकडचे जुने निकाहाचे रजिस्टर. त्यात नवरीचं नाव असतं, तिच्या बापाचं नाव, वकील आणि गवाह, मेहरची रक्कम. मी पाहिलेल्या एका रजिस्टरात ऐंशीएक वर्षांपूर्वीच्या एका नवरीने मेहरमध्ये रोख रकमेसोबत दुधाची एक म्हैस लिहून घेतली होती. त्या बाईचा शजरा कोणी छापणार नाही. मला मात्र तिला भेटायला आवडलं असतं. अशी रजिस्टरं आज लोखंडी पेट्यांत, माळ्यावर, गळक्या छताखाली आहेत. वारस पुण्याला नाहीतर आखातात. एका पावसाळ्यात दोनशे घरांच्या आज्या वाहून जातात.

आता एक गोष्ट, जी बोलताना आवाज खाली जातो. आमच्याकडे कोणाच्याही खानदानाची गोष्ट विचारा, मागे जाता जाता ती एका वर्षाशी थांबते. १९४८. बीबीसीच्या त्याच कार्यक्रमात २०१५ साली अनिता रानी या निवेदिकेने आपल्या आजोबांचा शोध घेतला. संत सिंग त्यांचं नाव. फाळणी झाली तेव्हा ते फौजेच्या नोकरीत आपल्या पुण्याजवळच्या खडकीत होते आणि घर राहिलं पाकिस्तानात गेलेल्या पंजाबात. पहिली बायको आणि मुलं त्या कत्तलीत गेली. त्यांनी पुन्हा लग्न केलं आणि त्याबद्दल जवळजवळ कधीच बोलले नाहीत. नातीने ते शोधून काढलं. पंजाबच्या दोन्ही बाजूंनी निदान आता सांगायला आणि ऐकायला सुरुवात केली आहे.

मराठवाड्यात ती झालेली नाही. रझाकारांनी गावांवर जे अत्याचार केले ते खरे आहेत, ते पुस्तकांत आहेत, दर सतरा सप्टेंबरला आमच्याच शाळेत आम्ही सांगतो आणि सांगायलाच हवेत. पण त्यानंतरच्या आठवड्यांत रझाकारीशी संबंध नसलेल्या मुसलमानांवर काय गुदरलं, ते पंडित सुंदरलाल समितीने पाहून लिहिलं. त्या अहवालाचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा आहे आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आमच्या शेजारच्या उस्मानाबादचं नाव आहे. अहवाल कित्येक दशकं बंद राहिला. आमच्या घरांतल्या म्हाताऱ्या ‘पुलिस ॲक्शन के टैम’ एवढं म्हणतात आणि भाजी निवडू लागतात. त्याच म्हाताऱ्या हेही सांगतात की अमुक पाटलाच्या माडीवर आम्ही अकरा दिवस होतो, पाटलीण स्वतः भाकरी आणून देत होती. हे दोन्ही लिहून ठेवायला हवं. मारणाऱ्यांच्या बरोबरीने पाटलीणही विसरली जातेय. तेव्हा दहा वर्षांच्या असलेल्या बाया आज नव्वदीच्या आसपास आहेत.

कोणी म्हणेल, मॅडम, कशाला उकरायचं? पोट भरा, मुलं शिकवा. मी म्हणते, उकरायचं नसलं तरी आता आपल्याला विचारलं जाणार आहे. आसामात लोकांना १९७१ च्या २४ मार्चआधीचा कागद आणि त्या कागदातल्या माणसाशी आपलं नातं, म्हणजे वंशवृक्ष, सादर करावा लागला. ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९ लाखांहून जास्त माणसं बाहेर राहिली. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही. त्यांत अशा किती बाया असतील ज्यांचं नाव बापाच्या घरच्या कुठल्याच कागदावर नव्हतं! २०२५ मध्ये बिहारच्या मतदार याद्या तपासताना २००३ च्या यादीतलं नाव शोधायची वेळ आली. श्रीमंताला विचारतात, तुमचे पूर्वज कोण, आणि तो चहा पीत पीत ऐकतो. गरिबाला विचारतात तेव्हा त्याला त्या दिवसाची मजुरी बुडवून झेरॉक्सच्या दुकानात उभं राहावं लागतं.

माझ्या मागण्या फार नाहीत. कुणबी नोंदींसाठी ज्या उर्दू वह्या उघडल्या, त्या उघड्याच आहेत तर त्यांची पानं एका शब्दापुरती न पाहता अखखी स्कॅन करा आणि सगळ्यांसाठी खुली करा. त्यांत बागवानही आहेत, नद्दाफही, महारही, वंजारीही, लमाणही. पडताळणीच्या कचेरीत उर्दू वाचणारा एक माणूस असावा आणि पेशाचा रकाना वाचला जावा. डी.एड., बी.एड. झालेली उर्दूची कितीतरी मुलं बेकार बसली आहेत, त्यांना शिकस्ता शिकवा, चार महिन्यांत हाताशी येतील. काझी साहेबांनी आपली रजिस्टरं कुणाला देऊ नयेत, पण फोटो काढू द्यावेत. मशिदीच्या कमिटीला रंगरंगोटीसाठी वर्गणी मिळते, त्यातून एक कपाट येतं.

आणि घरात करण्यासारखं काम वेगळं. मी आठवीच्या वर्गाला दिवाळीच्या सुट्टीत एक पान लिहायला सांगते. चारही आजी-आजोबांचं नाव, गाव, काम. बापाकडच्या दादांचं नाव सगळ्यांना येतं. आईच्या आईचं पूर्ण नाव तीसपैकी सात-आठ जणांना. कामाच्या रकान्यात बायकांपुढे मुलं ‘घरकाम’ लिहून मोकळी होतात, मी पान परत करते. मग येतं : ऊसतोड, बिडी वळणे, गोधड्या शिवणे, धरणाच्या कामावर माती वाहणे. सिंदफणेवरच्या आमच्या धरणात काही गावं गेली, त्यांच्याबरोबर कबरस्तानंही गेली. एका मुलाने आजीच्या गावापुढे लिहिलं होतं, ‘पाण्यात’.

कागद वाचून घ्यायचे असतील तर शाळा सुटल्यावर या, रविवार सोडून. एकच विनंती आहे. घरातला उर्दू कागद सापडला की लोक आधी जाऊन त्याचं लॅमिनेशन करून आणतात. तसं करू नका. दिव्याखाली धरला की तो नुसता चकाकतो, नुक्ते दिसत नाहीत. वहीच्या पानांत सरळ ठेवून आणा.